दोन नंबर मोठी

किटली आधी चांगली खदखदू दे.
वाफ दिसली म्हणून लगेच हॅट धरायची नाही,
पहिली वाफ थुंकते, डाग पडतात.
एवढं त्याला सांगितलं
आणि स्टूल पुढे सरकवलं.

साओ जोआओ द मदेइराच्या चढावर
माझं दुकान म्हणजे एक खिडकी, एक टेबल,
आणि बंद पडलेल्या कारखान्यातून
किलोच्या भावाने उचललेले लाकडी साचे.

अदेलिनो त्याचं नाव. बेकरीवाला, नखांत पीठ.
बापाची हॅट त्याने पिशवीतून अशी काढली
जशी आजारी कोंबडी काढावी.
सशाच्या केसांचा फेल्ट, रंग ओल्या राखेचा,
डावीकडे रिबिनीची गाठ,
आणि काठ समोरून इतका खाली झुकलेला
की आत कुणी असतं तर नुसती हनुवटी दिसली असती.

"हनुवटीच दिसायची," तो म्हणाला.
"एवारिस्तो साल्गेइरो. एकतीस वर्षं
गावभर पाण्याच्या मीटरचे आकडे बघत हिंडला,
माझ्याकडे बघितलं नाही.
घरात हॅट काढायचा, तर ताटाकडे बघायचा.
काठ वर करा, झुलमीराबाई.
मला घालायचीय. त्याच्यासारखी नाही."

लोक टोपी फिरवतात.
मी आपली नुसता काठ फिरवते.

फेल्टला ताणा नसतो, बाणा नसतो.
नुसते केस, एकमेकांत घुसलेले,
गरम पाण्यात, दाबाखाली, हट्टाने.
म्हणून तो उसवत नाही.
विसरतही नाही, तो भाग वेगळा.

वाफेत काठ मऊ पडला,
कोमट कानाच्या पाळीसारखा.
अंगठे वर, बोटं खाली,
मागून सुरुवात, समोरचं शेवटी,
कारण समोर दोन बोटांचे खड्डे होते, झिजून चकाकलेले,
तिथले केस काही केल्या उभे राहिनात.
ब्रश उलटा फिरवला. तरी नाहीत.
राहू दिले.

मग आतली चामड्याची पट्टी उलटली,
घामाने काळी, वाळल्या सालीसारखी,
आणि तिच्यामागून निघाली वर्तमानपत्राची घडी.
चारपदरी. तिच्याखाली आणखी एक.
सार्डिनचा भाव. बुटांची अर्धी जाहिरात.
कुणाची तरी शेळी हरवली होती, एक कान कापलेला,
आणून देणाऱ्यास तेल मिळेल.

"हे काय?"
"हॅट मोठी होती."
"म्हणजे?"
"दोन नंबर मोठी. कुणाची तरी आलेली असेल,
किंवा स्वस्तात घेतली असेल.
कागद दबत जातो, हॅट खाली उतरते,
भुवयांवर बसते.
वारा सुटला की दोन बोटांनी धरावी लागते. इथे.
ताटाचं मला माहीत नाही.
हॅटचं सांगते."

तो काही बोलला नाही.
किटलीचं झाकण तेवढं बोलत राहिलं.

इतक्या वर्षांचा राग
दोन सेंटिमीटरांचा निघाला तर ठेवायचा कुठे,
हे माझ्या धंद्यात शिकवत नाहीत.

त्याने ती तशीच उचलली, अजून ओली, घातली.
भुवया गेल्या, डोळे गेले.
आरशात हनुवटी, तिच्यावर पिठाचा ठिपका.
बराच वेळ तो त्या आतल्या अंधारात उभा होता
आणि मी उगाच कात्री शोधत होते.

"बुचाची पट्टी लावू?"
"कागदच लावा."
मी आजचा पेपर कापला, फुटबॉलचं पान.
"आणि काठ? वर ना?"
"वर," तो म्हणाला. मग म्हणाला, "थांबा."

हॅट मी उलटी ठेवली, डोक्यावर, काठ हवेत.
निवेपर्यंत काठ कुणाचाच नसतो.
आठ युरो सांगितले. त्याने दहा ठेवले,
सुटे घेतले नाहीत,
जुनी घडी मात्र खिशात घातली.

दाराशी गेला आणि मागे वळला.
"ती शेळी," त्याने विचारलं,
"सापडली असेल का हो?"